विषाणूची कात्री आणि पेशीने लावलेला सापळा

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचे पहिले निष्कर्ष आले आणि डेक्सामेथासोन हे जुनं औषध एका दिवसात जगभर पोचलं. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या कोविड रुग्णांमधलं २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण त्याने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणलं. हे औषध विषाणूला मारत नाही आणि त्याची वाढही थांबवत नाही. ते शरीराचा दाह कमी करतं, एवढंच. ज्या रुग्णांना ऑक्सिजनची गरजच पडली नव्हती, त्यांना मात्र या औषधाचा काहीच फायदा झाला नाही.

या दोन निरीक्षणांमध्ये पुष्कळ काही दडलेलं आहे. विषाणूच्या आजारात फुफ्फुसाची, रक्तवाहिन्यांची जी हानी होते, तिचा मोठा वाटा आपल्याच पेशींच्या प्रतिक्रियेचा असतो. 'विषाणूचं प्रथिन शरीर जाळतं' अशी वाक्यं बातम्यांत सर्रास येतात, पण प्रथिनात जाळण्याजोगं काही नसतं. जाळ आपण लावतो. प्रश्न आहे तो काडी कुठे ओढली जाते हा, आणि त्याचं उत्तर गेल्या काही वर्षांत इतकं सुंदर उलगडलं आहे की ते नीट सांगायलाच हवं.

पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, ऊब आणि वेदना. आजच्या भाषेत त्यांचा अर्थ सरळ आहे. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि ऊब येते. त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींमधल्या फटी वाढतात आणि रक्तातलं पाणी व प्रथिनं बाहेर झिरपतात, म्हणून सूज. चेताग्रं संवेदनशील होतात म्हणून वेदना. हे सगळं घडवून आणणारे निरोप म्हणजे सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं. त्यातली तीन नावं लक्षात ठेवली की पुढचा लेख वाचता येतो: टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा. हीच मंडळी मेंदूतल्या तापमान-केंद्रापर्यंत निरोप पोचवतात आणि ताप चढतो. तेव्हा ताप हा विषाणूने आणलेला नसतो, शरीराने ठरवून चढवलेला असतो.

हे काम करणारी व्यवस्था म्हणजे जन्मजात प्रतिकारशक्ती. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ही व्यवस्था मिनिटांत आणि तासांत हलते. ती एकेका रोगजंतूला नावानिशी ओळखत नाही. परकेपणाच्या काही ठरावीक खुणा तिला जन्मतःच ठाऊक असतात. ही कल्पना चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडली, तेव्हा अशा खुणा ओळखणारं पेशीचं प्रथिन, म्हणजे ग्राही, माणसात एकही सापडलेलं नव्हतं. १९९६ मध्ये जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की 'टोल' नावाचं जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीच्या संसर्गाने मरते. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरातला टोलसदृश ग्राही-४, म्हणजे टीएलआर४, जिवाणूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिन या विषारी पदार्थाला ओळखतो हे सिद्ध केलं. दोघांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. माणसात असे १० टोलसदृश ग्राही आहेत.

विषाणूच्या बाबतीत मात्र एक मूलभूत अडचण आहे. जिवाणूची भिंत आपल्या शरीरात कुठेच बनत नाही, त्यामुळे ती परकी म्हणून ओळखणं सोपं. विषाणूची प्रथिनं कोण बनवतं? आपलेच रायबोसोम. कच्चा माल कोणता? आपलीच २० अमिनो आम्लं. वर चिकटवलेल्या साखरेच्या साखळ्याही आपल्याच पेशीच्या कारखान्यातल्या. मग अशा प्रथिनात परकं ते काय? म्हणूनच पेशी विषाणूला ओळखताना मुख्य भर न्यूक्लिक आम्लांवर देते: दुहेरी धाग्याचा आरएनए, टोकाला टोपी नसलेला आरएनए, केंद्रकाबाहेर सापडलेला डीएनए. त्यासाठीचे पहारेकरी वेगळे आहेत आणि त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. प्रथिनं ओळखण्याचा मार्ग आडवळणाचा आहे. तो तीन प्रकारचा आहे.

पहिला मार्ग: चुकीच्या जागी आलेला चिकट मेद

टीएलआर४ हा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर बसतो आणि त्याच्याबरोबर एमडी-२ नावाचं छोटं प्रथिन असतं. एमडी-२ मध्ये एक खोल, तेलकट खिसा आहे. जिवाणूच्या एंडोटॉक्सिनला, म्हणजे एलपीएसला, साधारण सहा मेदाम्लांच्या शेपट्या असतात. त्यातल्या पाच या खिशात जातात आणि सहावी बाहेर डोकावते. ती शेजारच्या दुसऱ्या टीएलआर४ ला चिकटते आणि दोन ग्राहींची जोडी जुळते. जोडी जुळली की पेशीच्या आतल्या बाजूची त्यांची टोकं जवळ येतात आणि तिथे मायडी८८ व त्याच्या साथीदार प्रथिनांचा मनोरा रचला जातो. पुढे विकरांची (एन्झाइमांची) साखळी चालते आणि शेवटी आयकॅपाबी नावाचं प्रथिन नष्ट होतं. याच प्रथिनाने एनएफ-कॅपाबीला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलेलं असतं. ते सुटलं की केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांची जनुकं चालू करतं.

चार मेदाम्लांचं एलपीएस याच खिशात बसतं, पण डोकावायला शेपटी उरत नसल्यामुळे मानवी ग्राहीची जोडी जुळत नाही आणि दाह होत नाही. किती बारीक फरकावर सारं अवलंबून आहे ते यावरून कळावं.

विषाणूचं प्रथिनही हीच कळ दाबू शकतं, असं पहिल्यांदा २००० साली सुचवलं गेलं. लहान मुलांच्या श्वासनलिकांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही या विषाणूचं एफ प्रथिन टीएलआर४ मार्फत पेशींना चेतवतं, असा तो निष्कर्ष होता. त्यावर नंतरच्या प्रयोगांत एकवाक्यता राहिली नाही. डेंग्यूचं एनएस१ हे उदाहरण जास्त बोलकं आहे. संसर्ग झालेली पेशी हे प्रथिन रक्तात सोडते, तापाच्या पहिल्या दिवसांत ज्यावरून डेंग्यूची चाचणी होते तेच हे. रक्तात ते सहाच्या गटात फिरतं आणि त्या गटाच्या पोकळीत मेदाचे रेणू भरलेले असतात. २०१५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की एनएस१ रक्तवाहिन्या गळक्या करतं. त्यातल्या एका गटाने पांढऱ्या पेशींमधल्या टीएलआर४ कडे बोट दाखवलं. पुढे दुसरी वाटही सापडली. एनएस१ रक्तवाहिनीच्या अस्तरावर बसलं की त्या पेशी स्वतःचेच विकर चालू करतात आणि अस्तरावरचा साखरेचा मऊ थर, ग्लायकोकॅलिक्स, खरवडून टाकतात. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास रक्त घट्ट होऊन प्रकृती अचानक ढासळते ती प्लाझ्मा असा गळल्यामुळे. म्हणून त्या दिवसांत प्लेटलेटच्या आकड्याइतकंच हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाकडे, लक्ष ठेवावं लागतं. ते मूळ पातळीपेक्षा २० टक्क्यांनी वाढलं तर गळती सुरू आहे असं धरलं जातं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'अमुक विषाणूचं तमुक प्रथिन दाह घडवतं' या जातीच्या दाव्यांमध्ये सर्वांत मोठा घोळ याच टप्प्यावर होतो.

प्रयोगासाठी विषाणूचं प्रथिन लागतं आणि ते स्वस्तात व भरपूर मिळवायचं तर ई. कोलाय जिवाणूत बनवून घेतलं जातं. ई. कोलायच्या एका पेशीच्या बाह्य आवरणावर एलपीएसचे दहा लाखांहून अधिक रेणू असतात. पेशी फोडली की ते सगळे गाळात मिसळतात आणि प्रथिनाला चिकटून शेवटच्या नळीपर्यंत येतात. आता हिशोब करू. १ एंडोटॉक्सिन युनिट म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम एलपीएस. विकत मिळणाऱ्या प्रथिनाच्या कुपीवर 'दर मायक्रोग्रॅमला १ युनिटपेक्षा कमी' असं लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते शुद्धतेचं प्रमाणपत्र वाटतं. प्रयोगात मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम प्रथिन वापरलं, तर त्याबरोबर १०० पिकोग्रॅमपर्यंत एलपीएस जाऊ शकतं. वजनाने दहा हजारांतला एक भाग. पण माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशी मिलिलिटरला काही दहा पिकोग्रॅम एलपीएसलाही टीएनएफ सोडून उत्तर देतात. म्हणजे प्रथिनाने काहीही केलं नाही तरी प्रयोग 'यशस्वी' होतो! ताणाखाली पेशी बनवते ती 'हीट शॉक' प्रथिनं टीएलआर४ ला चेतवतात असा समज अशाच प्रयोगांतून रुजला होता आणि नंतर त्याचा बराच भाग एलपीएसच्या भेसळीवर जाऊन ठेपला.

ही भेसळ ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर तापवूनही जात नाही. काचेच्या भांड्यांवरचं एलपीएस घालवायला २५० अंश सेल्सियसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. गंमत अशी की हाच चिवटपणा तपासणीला उपयोगी पडतो. प्रथिनाचा नमुना ९५ ते १०० अंशांवर अर्धा तास ठेवायचा. प्रथिनाची घडी मोडते, एलपीएस शाबूत राहतं. तापवल्यावरही पेशी तितक्याच जोराने चेतत असतील तर काम प्रथिनाचं नव्हतं. दुसरी तपासणी पॉलिमिक्सिन-बी या प्रतिजैविकाची. ते एलपीएसच्या मेदी भागाला धरून ठेवतं. ते घातल्यावर दाह थांबला तर संशय पक्का. तिसरी तपासणी नालेच्या आकाराच्या खेकड्याच्या रक्तपेशींपासून केलेल्या एलएएल अर्काची, जो एलपीएस मिळाल्यावर गोठतो.

यातल्या शेवटच्या दोन्हींत एकेक भोक आहे. पॉलिमिक्सिन-बी जिवाणूंच्या लिपोप्रथिनांना अडवत नाही आणि ती टीएलआर२ ला चेतवतात. एलपीएस प्रथिनाला घट्ट चिकटलं असेल तर एलएएल चाचणी त्याला पकडत नाही, पण पेशी पकडते. कोरोनाचं स्पाइक प्रथिन एलपीएसला चिकटतं हे दाखवलं गेलेलं आहे, त्यामुळे स्पाइक आणि टीएलआर४ यांच्याविषयीचे निष्कर्ष फार जपून वाचावे लागतात. त्यातून अनेक जण जिवाणूत बनवलेलं स्पाइक वापरतात. खऱ्या स्पाइकच्या प्रत्येक एककावर साखरेच्या साखळ्या बसवण्याच्या २२ जागा आहेत, जिवाणू त्यातली एकही साखळी बसवत नाही. म्हणून सस्तन प्राण्याच्या पेशीत बनवलेलं प्रथिन, टीएलआर४ चं जनुक काढून टाकलेल्या पेशी आणि तापवलेला नमुना या तिन्ही गोष्टी एकाच शोधनिबंधात दिसल्या नाहीत तर त्याच्या मथळ्यावर विश्वास ठेवू नये. 'शरीरातलं स्पाइक प्रथिन धुऊन काढणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिराती अशाच कच्च्या प्रयोगांच्या बळावर चालतात, आणि त्यांच्यामागे एकही नीट केलेली चाचणी नसते.

दुसरा मार्ग: गळका नळ

हा थोडक्यात. काही विषाणू पेशीच्या पडद्यांमध्ये आयनांच्या वाहिन्या उघडतात. इन्फ्लुएन्झाचं एम२ प्रथिन अवघ्या ९७ अमिनो आम्लांचं. चार एम२ मिळून प्रोटॉन जाऊ देणारी एक नळी होते. २०१० मध्ये दाखवलं गेलं की पेशीतल्या गॉल्जी पिंडातून या नळीवाटे प्रोटॉन गळू लागले की एनएलआरपी३ हा पेशीच्या आतला पहारेकरी जागा होतो. सार्सच्या कोरोनाविषाणूचं ई प्रथिनही कॅल्शियम गळू देऊन हेच करतं. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास असतं, बाहेर ४ ते ५. हा उतार ढासळणं ही एनएलआरपी३ साठी सर्वांत ओळखीची धोक्याची खूण. त्याला एम२ चा आकार माहीत नसतो, त्याला गळती कळते.

तिसरा मार्ग: आमिष

आता ज्या यंत्रणेसाठी हा लेख लिहिला ती.

रायनो, पोलिओ, कॉक्सॅकी हे विषाणू एकाच कुळातले, एंटेरोविषाणू. त्यांचा जीनोम सुमारे ७,५०० अक्षरांच्या आरएनएचा. त्यावरून आपले रायबोसोम एकच लांबलचक प्रथिन विणतात, सुमारे २,२०० अमिनो आम्लांचं. हा अखंड तागा विषाणूला जसाच्या तसा निरुपयोगी. तो ठरावीक ठिकाणी कापून सुटे भाग करावे लागतात. त्यासाठी विषाणूजवळ स्वतःच्या कात्र्या असतात आणि त्यातली मुख्य ३सी प्रोटिएज. ही कात्री पसंतीने ग्लुटामिन आणि ग्लायसीन या दोन अमिनो आम्लांच्या मधोमध कापते. आजूबाजूची अमिनो आम्लंही, म्हणजे प्रथिनाची अक्षरंही, तिला जुळावी लागतात. ताग्यावरच्या दहापैकी आठ जागा तीच कापते.

कात्री ही विषाणूची गरज आहे आणि म्हणूनच ती त्याची कमकुवत बाजू आहे. स्पाइकसारखं बाहेरचं प्रथिन विषाणू सहज बदलतो. कात्रीची आवड बदलायची तर आठही जागांची अक्षरं एकाच वेळी बदलावी लागतील. तसं उत्परिवर्तन होणं जवळपास अशक्य.

आपल्या पेशीने नेमका याचाच फायदा घेतला. त्वचेच्या आणि श्वसनमार्गाच्या अस्तरातल्या पेशींमध्ये एनएलआरपी१ नावाचं १,४७३ अमिनो आम्लांचं प्रथिन असतं. २००२ मध्ये युर्ग चोप यांच्या गटाने इन्फ्लमासोम, म्हणजे दाह सुरू करणारा आण्विक मनोरा, पहिल्यांदा वर्णिला तो याच प्रथिनाचा. पण हे प्रथिन ओळखतं तरी काय, हे माणसाच्या बाबतीत पुढची अठरा वर्षं कोडंच राहिलं. २०२० मध्ये उत्तर मिळालं: ते कोणतीही खूण ओळखत नाही, ते स्वतः कापलं जाण्याची वाट पाहतं. त्याच्या सुरुवातीच्या सैल भागात १३० व्या जागी ग्लुटामिन आणि १३१ व्या जागी ग्लायसीन आहे, भोवतालच्या अक्षरांसह हुबेहूब विषाणूच्या ताग्यासारखं. ३सी कात्रीला ते आपलंच काम वाटतं. ती कापते.

कापल्यावर काय होतं हे पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे. इथे थोडा धीर धरावा लागेल.

एनएलआरपी१ बनल्यानंतर लगेचच स्वतःला एकदा कापून घेतं: १,२१२ आणि १,२१३ या जागांमधला बंध ते स्वतःच तोडतं. तरी दोन तुकडे वेगळे होत नाहीत, एकमेकांत गुंतून बसतात. आगगाडीचा शेवटचा डबा साखळीने जोडलेला नाही, फक्त टेकून उभा आहे, अशी कल्पना करा. हा शेवटचा डबा सुमारे २६० अमिनो आम्लांचा आणि तोच स्फोटक आहे. पुढचे सगळे डबे त्याला आडोसा देतात.

३सी ने पुढच्या टोकाला कापलं की १३१ वं ग्लायसीन प्रथिनाचं नवं टोक बनतं. उघड्या ग्लायसीनने सुरू होणारं प्रथिन म्हणजे तुटकं, टाकाऊ प्रथिन, अशी पेशीची समजूत आहे. झेडईआर१ आणि झेडवायजी११बी ही दोन प्रथिनं तेवढंच हुडकत असतात. त्यांना ते टोक सापडलं की त्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवली जाते आणि चिठ्ठी पाहून प्रोटिएसोम येतं. प्रोटिएसोम हे पिंपाच्या आकाराचं भंगारयंत्र. ते प्रथिनाचा धागा टोकाकडून ओढत, उलगडत, बारीक करत जातं. डब्यामागून डबा आत जातो. १,२१२ पाशी धागा संपतो, कारण तो तिथे आधीच तुटलेला होता. प्रोटिएसोमच्या हातून मागचा तुकडा सुटतो आणि आता त्याला आडोसा देणारं कोणी नसतं.

पेशीला आपला कचरा साफ केल्यासारखं वाटतं आणि त्या साफसफाईतूनच घंटा सुटते. मला जीवशास्त्रात याहून देखणी रचना माहीत नाही.

सुटलेला एखादा तुकडा मात्र लगेच गोंधळ घालू शकत नाही. डीपीपी९ नावाचं विकर एका अखंड एनएलआरपी१ च्या मदतीने त्याला पकडून ठेवतं. पेशीत नेहमीच थोडी प्रथिनं जुनी होऊन मोडीत निघतात, त्यातूनही असे तुकडे सुटत असणार. प्रत्येक वेळी पेशी मरून चालणार नाही. तुकडे भराभर सुटू लागले आणि डीपीपी९ अपुरं पडलं की ते एकमेकांवर रचले जातात. त्यांच्यावर एएससी नावाचं प्रथिन गोळा होतं आणि पेशीत एकच, सुमारे एक मायक्रोमीटरचा ठिपका तयार होतो. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली, चमकणारा रंग लावून, तो दिसतो. त्यावर कॅस्पेज-१ ही आपली स्वतःची कात्री चालू होते आणि ती दोन गोष्टी कापते. ३१ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचं निद्रिस्त इंटरल्यूकिन-१ बीटा कापून १७ चं जागं इंटरल्यूकिन करते. आणि गॅसडर्मिन-डी कापते. गॅसडर्मिनचे कापलेले तुकडे पेशीच्या पडद्यात शिरून सुमारे २० नॅनोमीटर व्यासाची भोकं पाडतात. त्या भोकांतून इंटरल्यूकिन बाहेर पडतं, पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. ग्रीकमध्ये पायर म्हणजे आग. विषाणूचा कारखाना माल बाहेर पडण्याआधी बंद होतो आणि शेजाऱ्यांना खबर जाते.

हे सगळं सिद्ध कसं केलं जातं? मुळात ज्या पेशीत यातलं काहीच नसतं अशी एचईके२९३ ही पेशीमालिका घ्यायची आणि तिच्यात एनएलआरपी१, एएससी, कॅस्पेज-१ आणि निद्रिस्त इंटरल्यूकिन यांची जनुकं बाहेरून टाकायची. मग ३सी चं जनुक टाकायचं. प्रथिनं वजनानुसार वेगळी करून पाहताना जाग्या इंटरल्यूकिनची १७ किलोडाल्टनची पट्टी दिसली, तर यंत्रणा चालली. आता एकेक भाग बिघडवायचा. कात्रीच्या धारेवरचं सिस्टीन हे अमिनो आम्ल बदलून ॲलनिन केलं की कात्री बोथट होते, पट्टी नाहीशी व्हायला हवी. एनएलआरपी१ च्या कापायच्या जागेचं अक्षर बदललं तरी नाहीशी व्हायला हवी. रायनोच्या ३सी ला अडवणारं रुपिन्ट्रिव्हिर घातलं तरी. प्रोटिएसोम थांबवणारं एमजी१३२ घातलं तरी. या शेवटच्या निकालाला विशेष महत्त्व आहे: कापणं चालू असूनही भंगारयंत्र बंद असेल तर घंटा वाजत नाही. आणि एमसीसी९५० हे एनएलआरपी३ ला रोखणारं रसायन घातल्याने काहीच फरक पडू नये, नाहीतर आपण दुसऱ्याच मार्गाला पाहत होतो. इथे प्रथिन पेशीच्या आतच बनत असल्यामुळे बाहेरून एलपीएस येण्याचा प्रश्न बराच मिटतो. पहिल्या मार्गावरचे प्रयोग इतके निःसंदिग्ध क्वचितच असतात.

एनएलआरपी१ ची ही आमिषाची जागा वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांत वेगवेगळी आहे. उंदराच्या काही वाणांत याच कुळातलं प्रथिन अँथ्रॅक्सच्या जिवाणूच्या कात्रीला भुलतं, माणसाचं त्या कात्रीला भुलत नाही. प्रत्येक प्राण्याने आपापल्या शत्रूच्या कात्रीचं माप घेऊन आमिष लावलं आहे. म्हणून उंदरावर मिळालेला निकाल इथे माणसाला तसाच्या तसा लागू करता येत नाही.

हाच सापळा फार हलका झाला तर? काही कुटुंबांत एनएलआरपी१ मधलं एक अक्षर बदललेलं असतं आणि ते विषाणूशिवायच चालू होतं. त्या व्यक्तींच्या तळहातांवर, तळपायांवर त्वचेचे दाहयुक्त, जाड गोळे वारंवार उठतात. एनएलआरपी३ मधल्या अशाच बदलाने वरचेवर ताप, पुरळ आणि सांधेदुखी होते, आणि अशा रुग्णांना आराम पडतो तो इंटरल्यूकिन-१ ला अडवणाऱ्या औषधाने. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' असं सांगत विकल्या जाणाऱ्या चूर्ण-काढ्या-गोळ्यांबद्दल एकच गोष्ट विचारावी: यातलं नक्की काय वाढवणार? टीएलआर४ ची संवेदनशीलता? सुटे होणारे तुकडे? खरोखर वाढवलं तर माणूस आजारी पडेल. सुदैवाने ती उत्पादनं यातलं काहीच करत नाहीत.

विषाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. एंटेरोविषाणू-७१ ची ३सी कात्री गॅसडर्मिन-डी लाही कापते, पण भलत्या जागी, १९३ व्या ग्लुटामिननंतर. तिथे कापलेल्या तुकड्याला भोक पाडता येत नाही. म्हणजे एकच कात्री एकीकडे घंटा वाजवते आणि दुसरीकडे घंटेची दोरी कापते. संसर्गाचं पुढे काय होणार हे यातलं काय आधी घडतं यावर ठरतं. कापोसी सार्कोमा या कर्करोगाच्या हर्पिसविषाणूने एनएलआरपी१ सारखं दिसणारं स्वतःचं प्रथिन बनवलं आहे आणि ते खऱ्या मनोऱ्याची रचना मोडतं. काउपॉक्स विषाणूचं सीआरएमए थेट कॅस्पेज-१ च्या तोंडात बसतं.

एचआयव्हीने वेगळा उपाय केला आहे: वेळेचा. माणसात कार्ड८ नावाचा एनएलआरपी१ चा भाऊबंद आहे आणि तो एचआयव्हीच्या प्रोटिएजला भुलतो, हे २०२१ मध्ये समजलं. पण ही कात्री दोन सारखे भाग जुळल्याशिवाय चालत नाही, आणि एचआयव्ही ते भाग नवे विषाणूकण पेशीबाहेर पडताना व पडल्यावरच जुळू देतो. आत कात्री चालू नसते, त्यामुळे कार्ड८ ला काही कळत नाही. एफाव्हिरेन्झ आणि रिल्पिव्हिरिन या जुन्या एचआयव्हीविरोधी औषधांचा एक वेगळाच गुण इथे कामी येतो. ती कात्रीचे भाग पेशीच्या आतच, वेळेआधी जुळवतात. मग प्रोटिएज कार्ड८ कापते, भंगारयंत्र पुढचा भाग ओढून नेतं, मागचा तुकडा सुटतो आणि ती संसर्गित सीडी४ पेशी (एचआयव्ही जिच्यात शिरतो ती पांढरी पेशी) काही तासांत मरते. सुप्त एचआयव्ही शरीरातून कायमचा काढायचा तर आधी त्या झोपलेल्या पेशींमध्ये विषाणूची प्रथिनं बनायला लावावी लागतील, कारण कात्री बनलीच नाही तर सापळ्याला कापणारं कोणी नाही. शिवाय एरवी विषाणू रोखायला जेवढं औषध पुरतं, त्याहून बरीच जास्त मात्रा यासाठी लागते. म्हणून डीपीपी९ ची पकड सैल करणारी रसायनं सोबत देऊन कमी मात्रेत हेच साधतं का, ते आता तपासलं जात आहे.